दर्याकडे तोंड

शिरपुरात थंडी पडली की माझ्या आयला खाऱ्या वाऱ्याचा वास येतो. पहाटे सातपुड्याकडून वारा सुटतो, कोरडा, ओठ फोडणारा. त्यात मिठाचा कणही नसतो. पण आय गोधडीतून नाक बाहेर काढते आणि म्हणते, "दर्या उतरलाय ग." मी रसायनशास्त्र शिकवते. वास म्हणजे काय, तो कसा पसरतो, किती लांब जातो, हे मला वर्गात फळ्यावर समजावून सांगावं लागतं. समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरीही तिने असं म्हटलं की मी उगाचच खिडकीपाशी जाते आणि छाती भरून श्वास घेते. येतो तो घरामागच्या, आमच्या घरमालक नानांच्या मळ्यात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा धूर.

जानेवारी हा आमच्या सणाचा महिना. आमचं गाव वसईच्या बाजूला, थेट किनाऱ्यावर. कागदोपत्री त्याला चांगलं नाव आहे, पण आम्ही सगळे त्याला नुसतं बंदर म्हणतो. बंदराचा पालक संत सेबॅस्टियन. आमच्या तोंडी तो सेबस्त्यानबाबा. खांबाला बांधलेला, अंगात बाण रुतलेला तरणाबांड शिपाई. फार पूर्वी गावात मरी आली होती, घरंच्या घरं ओस पडायला लागली, तेव्हा जुन्या लोकांनी त्याला साकडं घातलं आणि मरी ओसरली, असं सांगतात. तेव्हापासून गाव त्याचं. चर्चमध्ये मारियामाता आहे, दुसरेही संत आहेत, पण भांडायला, रुसायला आणि हक्काने मागायला बंदरकरांना बाबाच लागतो.

सणाच्या आधीचे नऊ दिवस म्हणजे नोव्हेना. रोज संध्याकाळी घंटा वाजली की वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालणारे हात थांबायचे. बायका तशाच पदराला हात पुसत चर्चकडे निघायच्या, त्यामुळे पहिल्या दोन-तीन प्रार्थनांना सगळ्या चर्चमध्ये मेणबत्त्यांचा आणि बोंबलांचा मिळून वास असायचा. दुसऱ्या गावाहून बदलून आलेल्या एका फादरना तो पहिल्या वर्षी सोसला नाही. दुसऱ्या वर्षी ते स्वतःच वलांडीपाशी येऊन गप्पा मारायला लागले. होड्यांना रंग लागायचा, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, शेवंतीच्या माळा चढायच्या. बँडवाले बाहेरगावचे, त्यांच्या चकचकीत बुटांत वाळू जायची आणि दर गाण्यानंतर ते एका पायावर उभे राहून बूट झटकायचे. घराघरांत तांदळाचे वडे तळले जायचे. नव्या फ्रॉकची लेस मानेला टोचायची आणि आय म्हणायची, "टोचू दे. एक दिवस टोचलं तर मरत नायस."

मिरवणुकीची वेळ फादर ठरवत नसत. ती भरती-ओहोटी ठरवायची. पाणी पुरतं ओसरून परत वळायच्या बेताला आलं की बाबाची पालखी चर्चमधून निघायची, कोळीवाड्यातून फिरून वाळूवर यायची. तिथे ती पश्चिमेला तोंड करून टेकवायची. आणि मग अख्खं गाव बाबाच्या पुढे जाऊन समुद्रात उभं राहायचं. गुडघाभर पाण्यात, दर्याकडे पाठ आणि बाबाकडे तोंड करून. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, नव्या साडीतल्या सुना, सगळे. कारण त्या वेळी बाबा माणसं मोजतो. ज्याला त्याने पाहिलं तो त्याच्या मोजणीत आला. वर्षभर दर्यावर कुठेही असला तरी बाबाचं त्याच्याकडे लक्ष असणार, असा आमचा समज.

जो गावात नसेल, बोटीवर असेल, आखातात असेल, त्याचं काय? त्याचा एखादा अंगावरचा कपडा घरच्यांनी पाण्यात उभं राहून वर धरायचा. धुतलेला चालतो, पण नवाकोरा चालत नाही. अंगाला लागलेला हवा. त्यातही कायदा आहे: नवऱ्याचा कपडा बायकोने धरायचा, लेकराचा आईने, आणि ती जिवंत आहे तोवर दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. लहानपणी मला हा सगळ्यांत आवडता देखावा वाटायचा. पाण्यावर एकदम सदरे, बनियन, शाळेचे गणवेश, लुंग्या फडफडायला लागायच्या आणि बँड थांबायचा. फक्त वाऱ्याचा आवाज असायचा आणि कुणाच्या तरी तान्ह्याचं रडणं.

परत जाताना पालखी फिरवत नाहीत. खांदेकरी चर्चकडे तोंड करून चालतात, पण बाबा तसाच पश्चिमेला बघत राहतो. उलटा जातो. पार चर्चच्या दारातून आत जाईपर्यंत त्याची नजर दर्यावर असते. कुणी उशिरा येत असेल, वाटेत असेल, तर त्याला बाबाची पाठ दिसू नये म्हणून.

माझ्या पपांना बाबाने मोजलं होतं. मी तेव्हा आठवीत होते. ते माझ्या शेजारी पाण्यात उभे होते, माझा हात धरून. निळ्या चौकटीचा सदरा, बाह्या दुमडलेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले ती होडी परत आली नाही. होडीबरोबरचे दोघे दुसऱ्यांच्या होडीला सापडले, पपा सापडले नाहीत. मला बाबाचा इतका राग आला की पुढची दोन वर्षं मी मिरवणुकीला गेले नाही. घरात दार लावून बसले आणि बँडचा आवाज कानांवर येऊ नये म्हणून उशी घेतली. आय मात्र गेली. त्या पहिल्याच वर्षी तिने पपांचा निळा सदरा पेटीतून काढला आणि पाण्यात उभी राहून वर धरला. लोक रडले म्हणे. ती रडली नाही. पुढे एकदा मी चिडून विचारलं की पपा येणार आहेत असं तुला अजून वाटतं का? ती वाटण करत होती. हात न थांबवता म्हणाली, "येणार नाय ते मला कळतं ग. मी येडी नाय. पण मोजणीतनं त्याला कसा काढू? बाबानं एकदा मोजलाय ना तो."

मी शिकले, नोकरी लागली ती इथे, शिरपुरात. दोन-तीन वर्षं काढू आणि बदलून जाऊ, असं ठरवून आले होते. लग्नही तसंच, करू करू म्हणत राहून गेलं. पहिल्या वर्षी एसटीतून येताना सोनगीरचा किल्ला दिसला आणि त्या उघड्या, राखाडी डोंगराकडे बघून मला रडू आलं होतं. आता सुट्टीहून परतताना तोच किल्ला दिसला की मी पिशव्या आवरायला घेते. माणूस कुठे रुळतो ते त्याला विचारून होत नाही. पण जानेवारी आला, की माझं मन तिकडे असायचं. सणाला रजा मिळाली नाही त्या वर्षी मला माहीत असायचं, की आज ओहोटीच्या वेळी आयच्या एका हातात निळा सदरा आहे आणि दुसऱ्या हातात माझी जुनी अबोली ओढणी. मी प्रयोगशाळेत पोरांना रंगबदल दाखवत असायचे आणि तिकडे माझी ओढणी फडफडत असायची. फार बरं वाटायचं. आणि फार एकटंही वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी मी आयला इथे आणलं. येताना तिने तीन गोष्टी मांडीवर घेतल्या, खाली ठेवल्या नाहीत: बाबाची काच लावलेली तसबीर, सुक्या बोंबलांची बरणी आणि सदऱ्याची पेटी. आमच्या घरमालकीणबाई अक्का. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली अक्का आणि नाना, मागे त्यांचा केळीचा आणि कापसाचा मळा. अक्का पक्की माळकरी, पण जीव लावणारी. पहिल्या दिवशी बरणी पाहून तिने नाकाला पदर लावला, "हाई बरनी तिकडेच ठेव माय, मना घरमा नको," असं स्वच्छ सांगितलं, आणि लगेच तसबिरीपुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"कोनी मारात याले इतला बान?" तिने विचारलं. कुणी मारले याला इतके बाण?

"त्याच्याच लोकांनी," मी म्हणाले. "त्याच्याबरोबरच्या शिपायांनी."

"आपलाच लोके मारतस," अक्का म्हणाली, आणि हळदीकुंकवाचं बोट पदराला पुसून तसबिरीला हात जोडले. खाली गेली ती जिना उतरताना बराच वेळ गुडघ्याला शिव्या देत होती.

आपलेच लोक मारतात, हे अक्काला कुठून कळलं ते मला पुढे समजलं. त्यांचा एकुलता मुलगा योगेश. त्याला शेती नको होती. तो सुरतेला कापड बाजारात गेला, तिथेच आपल्या मनाने लग्न करून मोकळा झाला. नानांनी त्याला निरोप पाठवला, माझ्या ओट्यावर पाय ठेवू नको. तो खरंच ठेवत नाही. नाना चांगला माणूस आहे. आयला ते मावशी म्हणतात, केळीचा घड उतरला की पहिली फणी तिच्यासाठी वर पाठवतात. पण त्या घरात योगेशचं नाव निघत नाही. अक्का बोलता बोलता 'सुरत' म्हणायला जाते आणि 'तिकडे' म्हणते.

गेल्या वर्षीपर्यंत आम्ही दोघी जानेवारीत बंदराला जाऊन यायचो. पावसाळ्यात आय न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, ती चार पावलं टाकते, पण डॉक्टरांनी सांगितलं, रात्रभराचा प्रवास बिलकूल नको. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. तिने फक्त पेटी उघडली, सदरा काढला आणि मांडीवर ठेवून त्याच्या बटणांवरून बोट फिरवत बसली. मी म्हटलं, मी जाऊन धरते ना. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती जिवंत असताना मी कशी धरणार? मग मी म्हटलं, फोनवर मिरवणूक दाखवीन. ती म्हणाली, "मी त्याला बघंन. तो मला बघंल का?" त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. पहाटे वारा सुटला की म्हणायची, दर्या उतरलाय. आणि मग हळूच, "यंदा त्याचा सदरा ऱ्हायला."

थंडीत अक्काच्या अंगणात भरीत होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर पांढरी-हिरवी मोठाली वांगी लोळतात, साल करपून फाटते, मग लाकडी बडजीत मिरच्या-लसणाबरोबर कुटायची. आयला खुर्चीसकट खाली आणली होती. तिने हळूच पदराखालून बोंबलाचा भाजलेला चुरा काढला आणि आपल्या वाटणीच्या भरितावर टाकला; अक्काने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग आय सदऱ्याबद्दल, मोजणीबद्दल, उलट्या जाणाऱ्या पालखीबद्दल बोलायला लागली. आय तिच्या भाषेत बोलते, अक्का तिच्या, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं. अक्का कुटता कुटता थांबली. नाना गोठ्याकडे आहेत याची खात्री केली आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, जो रागमा निंघी गया, त्याना कपडा भी चालस का?" रागावून निघून गेला, त्याचा कपडा चालतो का?

"गेला तो गेला," आय म्हणाली. "कसा गेला ते बाबा इचारत नाय."

अक्का पुन्हा कुटायला लागली. मिरच्या केव्हाच बारीक झाल्या होत्या.

नाना जेवायला बसले तेव्हा मी त्यांना आयचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, सांगून काही होणार नव्हतं. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली, भरितात बुडवली, खाल्ली. मग म्हणाले, "मावशी, आपली तापी शे ना."

"नदी म्हणजे काय दर्या हाय?" आय म्हणाली.

"दर्या नई. पन दर्यालेच जास. हाई पानी उगवतीले थोडीच जास? मावळतीले जास, बठ्ठं. सुरतजोडे दर्यामा..." आणि नाना थांबले. तो शब्द त्यांच्याच तोंडून निघून गेला होता. अक्काच्या हातातली परात खाली लागली. नानांनी पाणी प्यायलं, हात धुतले आणि उठता उठता म्हणाले, "सनना दिनले ट्रॅक्टर काढसू. नीट लई जासू मावशीले."

आयने रात्री मला दोनदा विचारलं, तापी खरंच दर्याला मिळते का. मी नकाशा दाखवला. तिने चष्मा लावून त्या निळ्या रेघेवरून बोट नेलं, शिरपूरपासून पार समुद्रापर्यंत, आणि मग समुद्रातून खाली किनाऱ्याने बंदरापर्यंत. तिथे तिने बोट टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पोटभर जेवली.

सणाच्या संध्याकाळी, बंदरावरच्या ओहोटीची वेळ धरून, आम्ही निघालो. ट्रॉलीत गवताच्या पेंढ्या, त्यावर गाद्या, त्यावर आय, मांडीवर तसबीर. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमधून उडून ते दरवर्षी असे अडकतात. आय म्हणाली, "गावानं माळा लावल्यात बघ." हायवेवरचे ट्रक लांबून घोंगावत होते. डोळे मिटले तर तो लाटांचाच आवाज, हे मला तिनेच, ती इथे आली त्या वर्षी, शिकवलं होतं.

सावळद्याजवळ तापीचं पात्र रुंद आहे, आणि पुढे बंधाऱ्याने पाणी अडवल्यामुळे जानेवारीतही ते भरलेलं असतं. सूर्य पार खाली, पाण्याच्या टोकाशी आला होता. नानांनी काठावर स्टूल ठेवलं, अक्काने त्यावर नवा टॉवेल अंथरला, आणि आम्ही बाबाला मावळतीकडे तोंड करून ठेवलं. एक मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने विझली, परत लावली, परत विझली. आय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याला दिसतं." मग नाना आणि मी तिची प्लास्टिकची खुर्ची उचलून पाण्यात नेली. घोट्याएवढ्या पाण्यात, बाबाकडे तोंड करून ठेवली. पाणी बर्फासारखं होतं. आयने पाय आखडले नाहीत. मी तिच्या शेजारी उभी राहिले, साडी वर खोचून, जशी आठवीत पपांच्या शेजारी उभी होते.

तिने सदरा वर धरला. निळा रंग आता जवळजवळ राहिलेला नाही, चौकटी फक्त मला ठाऊक म्हणून दिसतात. माझ्या मनात आलं, या क्षणी बंदरावर पालखी वाळूवर टेकली असेल, बँड थांबला असेल, आणि शेकडो कपडे फडफडत असतील. त्यांच्यात एक सदरा कमी आहे. तो इथे आहे. मला गावाची फार आठवण आली. आयचे हात धरावेत असं वाटलं, पण सदऱ्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

तेवढ्यात बाजूला पाणी हललं. अक्का लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उतरत होती. आयच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. नानांकडे तिने पाहिलं नाही. शालीच्या आतून तिने एक स्वेटर काढला, शाळेचा, मरून रंगाचा, कोपरावर रफू केलेला. इतका वेळ तो तिच्या पोटाशी होता. तिने तो दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलला आणि तिथेच थांबली.

"वर धर, बाय," आय म्हणाली. "अजून वर. त्याला दिसू दे."

अक्काने हात वर केले. "देवा, योगेश शे मना," ती तसबिरीला म्हणाली, मोठ्याने, जसं कुणा पाहुण्याला आपल्या मुलाची ओळख करून देतात. "त्याले भी मोजी ले."

नाना काठावर होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पाणी आमच्या पायांमधून हळूहळू मावळतीकडे चाललं होतं. सूर्य गेला, थंडी एकदम अंगावर आली, आणि आयचे हात आपोआप खाली आले. अक्काचे मात्र वरच होते. तिला मी हलकेच हात लावला, तेव्हा ते खाली आले.

आयला ट्रॉलीत चढवलं. ड्रायव्हरच्या बाजूला पाठ करून बसावं लागेल, गचके बसतील, म्हणून मी तिला पुढे तोंड करून बसवायला गेले. नाना खाली उभे होते. ते म्हणाले, "नई ताई. तिले पलटाडू नका. त्याना तोंड दर्याकडे ऱ्हास ना?" आणि त्यांनी स्वतः पेंढ्या सारख्या केल्या, आयला मागे तोंड करून, नदीकडे बघत बसवलं, तसबीर तिच्या मांडीवर बाहेर वळवून ठेवली. हे त्यांना कधी सांगितलं होतं मला आठवत नाही. अंगणातलं बोलणं गोठ्यापर्यंत ऐकू येतं, एवढंच.

अक्का माझ्या शेजारी पुढे तोंड करून बसली होती, स्वेटरची घडी मांडीवर. नानांनी स्टूल वर ठेवलं, साखळी लावली, ट्रॅक्टरकडे दोन पावलं गेले आणि परत आले. बायकोकडे न बघता, साखळी पुन्हा एकदा ओढून पाहत ते म्हणाले, "तू भी तशीच, तिकडे तोंड करीसन बठ."